मटेरियल्स सायन्समधील पीएच.डी. : ओळख, हिशेब आणि तयारी

मी बँकेत लिपिक आहे. शिक्षणाने कला शाखेचा पदवीधर. त्यामुळे विज्ञानाच्या विषयावर स्मरणिकेसाठी लेख लिहिण्याचा अधिकार मला आहे काय, असा प्रश्न वाचकांना पडणे साहजिक आहे. परंतु आपल्या घरांतून इंजिनिअर होणारी मुले-मुली आता वाढली आहेत, आणि त्यांपैकी एखाद्याने "मला पीएच.डी. करायची आहे" असे म्हटले की निर्णय घ्यायला बसतात ती माझ्यासारखीच माणसे. आई, वडील, मामा, काका. त्यांना विषय कळत नाही, तरीही होकार किंवा नकार त्यांच्याच तोंडून निघतो. म्हणून हा लेख जितका विद्यार्थ्यांसाठी आहे तितकाच घरातील वडीलधाऱ्यांसाठी आहे.

माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी मेटॅलर्जी, म्हणजे धातुशास्त्र, घेऊन इंजिनिअर झाली. ताई अंगणवाडी सेविका आहे. भाऊजी वारले तेव्हा मुलगी नववीत होती. शैक्षणिक कर्ज काढून तिने पदवी पूर्ण केली आणि कॉलेजातच तिला साडेसहा लाख रुपये वार्षिक पगाराची नोकरी मिळाली. घरात पेढे वाटले गेले. आठ दिवसांनी मुलगी म्हणाली, "नोकरी नको, मला पीएच.डी. करायची आहे." ताईने मला बोलावून घेतले. म्हणाली, "अरे, शिकून शिकून किती शिकायचं? अजून पाच वर्षं शाळाच का? तूच समजाव हिला." मी क्षणाचाही विचार न करता भाचीला सांगितले, "आधी नोकरी घे, कर्ज फेड, मग बघू."

तिने वाद घातला नाही. पुढच्या रविवारी एक लोहचुंबक घेऊन ती माझ्या घरी आली आणि म्हणाली, "मामा, तुमचा तो जुन्या नाण्यांचा डबा काढा."

नाणे आणि चुंबक

डब्यात १९९२ पूर्वीचे एक रुपयाचे नाणे होते आणि नंतरचेही. तिने चुंबक जुन्या नाण्याजवळ नेला. काही झाले नाही. नव्याजवळ नेला, नाणे टपकन चिकटले. वीस वर्षांहून अधिक काळ मी कॅश काउंटरवर नाणी मोजत आलो, पण हे मला ठाऊक नव्हते. जुना रुपया तांबे आणि निकेल यांच्या मिश्रधातूचा. त्यात सुमारे ७५ टक्के तांबे आणि २५ टक्के निकेल. १९९२ पासून रुपयाचे नाणे स्टेनलेस स्टीलचे निघू लागले. त्यात मुख्यतः लोखंड आणि सुमारे १७ टक्के क्रोमियम असते. किंमत तीच, एक रुपया. पण वस्तू निराळी.

मग ती स्वयंपाकघरात गेली आणि चुंबक भांड्यांना लावून पाहू लागली. काही भांड्यांना चिकटला, काहींना नाही. सगळीच स्टीलची, सगळीच चकचकीत. मी विचारले, "यातले खरे स्टील कोणते?" ती म्हणाली, "दोन्ही खरीच." लोखंडात क्रोमियम मिसळले की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर तयार होतो आणि तो गंज रोखतो. हे दोन्ही भांड्यांत सारखेच. पण त्यात पुरेसे निकेलही घातले तर लोखंडाचे अणू निराळ्या मांडणीत बसतात, आणि त्या मांडणीत ते चुंबकाला दाद देत नाहीत. आपण म्हणतो, हे भांडे इंडक्शन शेगडीवर चालते आणि ते चालत नाही. त्यामागे बहुधा अणूंची ही मांडणी असते.

या विषयाचा गाभा इतकाच आहे. पदार्थ कशाचा बनला आहे, त्याच्या आतील रचना कशी आहे, तो कोणत्या प्रक्रियेतून गेला आहे आणि त्यामुळे तो कसा वागतो, या चार गोष्टींचा परस्परसंबंध शोधणे म्हणजे मटेरियल्स सायन्स. आपल्याकडे पदार्थविज्ञान हा शब्द फिजिक्ससाठी रूढ आहे, म्हणून गोंधळ टाळण्यासाठी मी येथे इंग्रजी नावच वापरतो.

प्रक्रियेचे उदाहरण तर आपल्या गावच्या लोहाराकडेच आहे. कुऱ्हाडीचे पाते लालभडक तापवून तो पाण्यात बुडवतो. यालाच पोलादाला पाणी देणे म्हणतात. तापलेल्या पोलादात कार्बनचे अणू विखुरलेले असतात. ते सावकाश निवाले तर कार्बन बाहेर पडतो, पण एकदम थंड केले तर त्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो आत अडकतो आणि पोलाद अतिशय कठीण, पण ठिसूळ होते. मग लोहार ते पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा कमी करतो. धातू तोच, पण प्रक्रिया बदलली की स्वभाव बदलतो. लोहाराला हे अनुभवाने ठाऊक होते. ते का घडते हे सूक्ष्मदर्शकाने आणि क्ष-किरणांनी दाखवले.

विषयाची व्याप्ती

हा विषय मुख्यतः धातुशास्त्रातून वाढला. आपल्या देशात बनारस हिंदू विद्यापीठात १९२३ साली धातुशास्त्राचे शिक्षण सुरू झाले. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने १९५० च्या दशकात धातूंपुरते न थांबता सर्वच घन पदार्थांचा एकत्र अभ्यास करणारा विभाग उभारला. आज या विषयात पोलाद आणि ॲल्युमिनियम येतात, तसेच चिनीमातीपासून विमानाच्या इंजिनातील सिरॅमिकपर्यंतचे पदार्थ, प्लास्टिक व रबर, संगणकातील सिलिकॉन, मोबाइलची बॅटरी, सौरपट्ट्या आणि गुडघ्यात बसवायचा कृत्रिम सांधाही येतो.

दिल्लीचा लोहस्तंभ आपण सहलीत पाहतो. सुमारे सोळाशे वर्षे ऊनपावसात उभा राहूनही तो गंजून गेला नाही. कानपूरच्या आय.आय.टी.तील प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण अधिक आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर एक संरक्षक थर तयार झाला, असे त्यांनी दाखवले. ज्याला लोक चमत्कार म्हणत होते त्याचे कारण धातूच्या आतच सापडले.

पीएच.डी. म्हणजे पुढची इयत्ता नव्हे

ताईचा आणि माझा गैरसमज नेमका येथे होता. आम्हाला वाटत होते की बी.ए.नंतर एम.ए. तशी बी.टेक.नंतर पीएच.डी., म्हणजे आणखी पुस्तके, आणखी परीक्षा. प्रत्यक्षात पहिल्या वर्षातील काही विषय सोडले तर पीएच.डी.मध्ये वर्ग फारसे नसतात. ज्याचे उत्तर जगात अजून कोणालाच ठाऊक नाही असा एक नेमका प्रश्न घ्यायचा, त्याचे उत्तर पुराव्यानिशी शोधायचे आणि ते जाणकारांपुढे टिकवून दाखवायचे, हे त्याचे स्वरूप आहे. ते शिकाऊ कारागिरासारखे काम आहे, आणि त्या कामाचे मासिक मानधन मिळते.

टप्पे साधारणपणे असे असतात. प्रथम मार्गदर्शक प्राध्यापक आणि विषय ठरतो. पहिल्या वर्षी अभ्यासक्रमातील काही विषय पूर्ण करावे लागतात. त्यानंतर पात्रता किंवा सर्वंकष परीक्षा होते. तीत विद्यार्थ्याचा पाया पक्का आहे का ते पाहतात. मग तीन-चार वर्षे प्रयोगशाळेतील काम: नमुने तयार करणे, भट्टीत तापवणे, ताणून तोडणे, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, आकडे मांडणे. समिती दरवर्षी प्रगती तपासते. निष्कर्ष शोधनिबंधांतून प्रसिद्ध होतात. शेवटी प्रबंध लिहायचा, बाहेरच्या परीक्षकांकडून तो तपासला जातो आणि खुली मौखिक परीक्षा होते.

माझ्या भाचीचा प्रश्न हायड्रोजनविषयी आहे. हायड्रोजनचा अणू सर्वांत लहान. तो पोलादात शिरतो आणि चांगले मजबूत पोलाद आतून ठिसूळ करतो. हा दोष १८७५ पासून नोंदलेला आहे, तरी त्याचा पूर्ण उलगडा अजून झालेला नाही. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने १९,७४४ कोटी रुपयांची राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहीम मंजूर केली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजन तयार करण्याची क्षमता उभारण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. हा वायू साठवायचा आणि वाहून न्यायचा तर टाक्या आणि नळ लागणार, आणि ते न तडकणारे हवेत. पोलादाच्या आत हायड्रोजन नेमका कोठे अडकून बसतो, एवढाच भाचीचा प्रश्न आहे. ऐकायला लहान वाटतो. पण पीएच.डी.चा प्रश्न असा लहान आणि नेमकाच असावा लागतो.

बँकेतल्या माणसाचा हिशेब

आता पैशाकडे येतो, कारण आपल्या घरांत अडते ते येथेच. जानेवारी २०२३ पासून केंद्र सरकारच्या कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीचा दर पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि प्रगती समाधानकारक असल्यास त्यानंतर ४२,००० रुपये आहे. वसतिगृहात न राहणाऱ्यांना नियमाप्रमाणे घरभाडे भत्ताही मिळतो. पाच वर्षांचा हिशेब मी ताईसमोर वहीत मांडला. पहिल्या दोन वर्षांचे ८,८८,००० रुपये, पुढील तीन वर्षांचे १५,१२,००० रुपये. एकूण २४ लाख रुपये. नोकरीत पगारवाढ अजिबात धरली नाही तरी पाच वर्षांचे साडेबत्तीस लाख होत होते. म्हणजे निदान साडेआठ लाखांचा फरक, आणि पगारवाढ धरली तर त्याहून जास्त. हा फरक खरा आहे आणि तो लपवू नये. पण "पाच वर्षे एक पैसाही मिळणार नाही" ही जी आमची भीती होती, ती मात्र खोटी ठरली.

दुसरी गोष्ट कर्जाची. शैक्षणिक कर्जाचा हप्ता साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होतो. पुढील शिक्षण घ्यायचे असेल तर प्रवेशाचे पत्र जोडून बँकेकडे मुदत पुढे नेण्याचा लेखी अर्ज करता येतो. मंजुरी त्या त्या बँकेच्या नियमांवर अवलंबून असते, आणि व्याज तर चालूच राहते. भाचीने अर्ज केला, आणि अधिछात्रवृत्तीतून दरमहा व्याजापुरती रक्कम भरायला सुरुवात केली. गप्प राहून हप्ता थकवणे हा सर्वांत वाईट मार्ग. त्याची नोंद वर्षानुवर्षे पाठ सोडत नाही.

तिसरी गोष्ट, काही योजनांची रक्कम वेळेवर हातात पडत नाही. म्हणून निदान सहा महिन्यांचा खर्च गाठीशी ठेवून सुरुवात करावी.

अधिछात्रवृत्तीचे मार्ग

आय.आय.टी., एन.आय.टी. यांसारख्या संस्थांत निवड झालेल्या अनेक विद्यार्थ्यांना संस्थेकडूनच सहायकवृत्ती मिळते आणि तिच्या बदल्यात आठवड्याला काही तास अध्यापनात मदत करावी लागते. भौतिक किंवा रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेल्यांना नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळवून या विषयात येता येते. अनुसूचित जातींसाठीची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती २००५-०६ मध्ये सुरू झाली. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा समावेश अनुसूचित जातींत झाला असल्याने जात प्रमाणपत्र असलेले आपले विद्यार्थी तिला पात्र ठरतात. पुण्याच्या बार्टी संस्थेमार्फतही संशोधकांना अधिछात्रवृत्ती दिली जाते. परदेशासाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. या सर्वांच्या उत्पन्नमर्यादा, वयोमर्यादा आणि जागा बदलत असतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात मुळातून वाचावी. ऐकीव माहितीवर विसंबू नये.

शिष्यवृत्ती घेऊन शिकण्यात कमीपणा मानणारेही काही भेटतात. बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदे संस्थानाच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. गोव्यात जन्मलेले आणि मुंबईत हलाखीत वाढलेले डॉ. रघुनाथ माशेलकर टाटा ट्रस्टच्या शिष्यवृत्तीमुळे शिकू शकले, मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातून १९६९ मध्ये पीएच.डी. झाले आणि पुढे १९८९ ते १९९५ पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. शिष्यवृत्ती म्हणजे कामासाठी मिळालेला वेळ. तिचा हिशेब कामातूनच द्यायचा असतो.

तयारी कशी करावी

पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून गेट परीक्षेची तयारी सुरू करावी. मेटॅलर्जीचा स्वतंत्र पेपर आहे; इतर शाखांच्या विद्यार्थ्यांना इंजिनिअरिंग सायन्सेस या पेपरात मटेरियल्स सायन्स हा विभाग निवडता येतो. परीक्षा तीन तासांची, १०० गुणांची. अर्ज साधारणपणे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघतात आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. गुणांकन तीन वर्षे ग्राह्य असते. अनुसूचित जातीच्या उमेदवारांना व मुलींना शुल्कात सवलत आहे. बहुतेक संस्थांचे प्रवेश जुलै आणि डिसेंबर-जानेवारी असे वर्षातून दोनदा होतात. चांगले गुण असलेल्या बी.टेक. विद्यार्थ्याला अनेक ठिकाणी एम.टेक. न करता थेट पीएच.डी.ला प्रवेश मिळतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आम्हालाही नव्हते.

संस्थांचा विचार करताना मुंबईची आय.आय.टी., बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि नागपूरची व्ही.एन.आय.टी. ही नावे सर्वांना माहीत असतात. परंतु पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, जमशेदपूरची राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळा, कोलकात्याची काच व सिरॅमिक संशोधन संस्था, मुंबईचे भाभा अणुसंशोधन केंद्र आणि कल्पक्कमचे इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र येथेही पीएच.डी. करता येते. अमेरिकेतील विद्यापीठे पदवीनंतर थेट प्रवेश देतात आणि निवड झाल्यास बहुधा शुल्कमाफी व मासिक वृत्तीही देतात. जर्मनीत संशोधक विद्यार्थ्याला पुष्कळदा नोकरीचा करारच मिळतो.

मात्र इमारतीच्या नावापेक्षा मार्गदर्शक महत्त्वाचा. भाचीने प्रवेशापूर्वी त्या प्राध्यापकांच्या जुन्या विद्यार्थ्यांना चार प्रश्न विचारले होते. मागच्या विद्यार्थ्यांना किती वर्षे लागली? मार्गदर्शक किती वेळा भेटतात? लागणारी यंत्रे संस्थेत आहेत की बाहेर रांग लावावी लागते? आणि शिकून गेलेले आज कोठे आहेत? मुलगी देताना घराची चौकशी करतो तेवढीच ही चौकशीही करावी, असे ताईच म्हणाली.

अडचणीही सांगितल्या पाहिजेत

प्रयोग फसतात. भाचीच्या दुसऱ्या वर्षी सात महिन्यांचे नमुने वाया गेले, कारण ते तयार करतानाच त्यांत अपेक्षेपेक्षा जास्त अशुद्धी राहिली होती. त्या दिवसांत तिचा फोन आला की ताई घाबरत असे. कधी सहा वर्षे लागतात. कधी मार्गदर्शकाशी पटत नाही. पदवी मिळाल्यावर प्राध्यापकाची जागा मिळेलच असे नाही; पुष्कळजण कारखान्यांच्या संशोधन विभागात, सरकारी प्रयोगशाळांत किंवा इलेक्ट्रॉनिक्स उद्योगात जातात. ज्याला केवळ नावापुढे डॉक्टर लावायचे आहे त्याने या वाटेला जाऊ नये. ज्याच्या घरी खरोखरच आजचा पगार आजच हवा आहे त्याने नोकरी घ्यावी. त्यात हार नाही, आणि नोकरी करून नंतर पीएच.डी.ला येणारेही असतात.

याच क्षेत्रातील एक घटना भाचीने मला सांगितली. एप्रिल १९८२ मध्ये डॅन शेक्टमन हे इस्रायली शास्त्रज्ञ अमेरिकेत काम करीत असताना, झपाट्याने थंड केलेल्या ॲल्युमिनियम-मँगनीजच्या मिश्रधातूत त्यांना अणूंची अशी मांडणी दिसली की जी तेव्हाच्या पाठ्यपुस्तकांप्रमाणे अशक्य होती. त्यांना गट सोडायला सांगण्यात आले. दोन नोबेल पारितोषिके मिळवलेल्या लायनस पॉलिंग यांनीही त्यांना विरोध केला. शेक्टमन यांनी मोजमापे पुन्हा पुन्हा तपासली, १९८४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि २०११ मध्ये त्याच कामासाठी त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. नोबेल सर्वांना मिळत नाही. पण मोठ्या नावापुढे आपले मोजमाप पुराव्यानिशी मांडायचे आणि चूक असेल तर ती स्वतःच आधी शोधायची, ही सवय मात्र प्रत्येक प्रामाणिक पीएच.डी. विद्यार्थ्याला लागते.

भाची आता चौथ्या वर्षात आहे. फसलेल्या नमुन्यांनंतर तिने पुन्हा सुरुवात केली आणि गेल्या वर्षी तिचा पहिला शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याची प्रत ताईने भाऊजींच्या फोटोशेजारी ठेवली आहे. त्यातले एक अक्षरही ताईला कळत नाही आणि मलाही फारसे कळत नाही. पण त्यातला एक आलेख बोटाने दाखवून ताई आल्यागेल्याला सांगते, "हे माझ्या मुलीने शोधलं."

मी तिला पहिल्या दिवशी जो सल्ला दिला तो प्रेमापोटीच होता, पण माहितीशिवाय होता. असा सल्ला आपण वडीलधारे किती मुलांना देऊन बसलो असू, याचा मी अनेकदा विचार करतो. म्हणून पालकांना विनंती आहे की नकार देण्यापूर्वी एक दिवस मुलाजवळ बसून त्याचा विषय समजून घ्या आणि वहीत हिशेब मांडा. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही घरच्यांना अडाणी समजू नका. तुमच्या विषयातले त्यांच्या हाताशी असलेले एखादे नाणे शोधा आणि त्यांच्यापुढे ठेवा. गेट, अधिछात्रवृत्ती किंवा शैक्षणिक कर्जाचे अर्ज भरताना अडचण आली तर रविवारी सकाळी मी मंडळाच्या कार्यालयात असतो. कागदपत्रांच्या दोन-दोन प्रती घेऊन यावे.